वटवाघळाच्या नावातले सलीम अली

पक्षीनिरीक्षणाला भारतात प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव एका दुर्मिळ वटवाघळाला. फळबागांच्या मराठवाड्यात या योगाचे स्मरण व्हावे असे बरेच काही

प्रतिनिधी, अर्धापूर

पक्ष्यांचे नाव निघाले की डॉ. सलीम अली आठवतात. छत्रपती संभाजीनगरात दिल्ली दरवाजाजवळील तलाव त्यांच्या नावाने ओळखला जातो, कोईमतूरला त्यांच्या नावाची संशोधन संस्था आहे. परंतु पक्ष्यांसाठी आयुष्य वेचलेल्या या माणसाचे नाव एका वटवाघळालाही देण्यात आले आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नाही. दक्षिणेकडील सह्याद्रीच्या मोजक्या जंगलांत आढळणारे हे फळ खाणारे वटवाघूळ शास्त्रात लॅटिडेन्स सलीमअली या नावाने ओळखले जाते. १९७२ साली त्याचे नामकरण झाले आणि त्याच वर्षी देशात वन्यजीव संरक्षण कायदा अस्तित्वात आला. या कायद्याने फळ खाणाऱ्या वटवाघळांना कावळे व उंदीर यांच्या रांगेत, उपद्रवी प्राण्यांच्या यादीत बसविले. एकाच वर्षी मिळालेला मान आणि अवहेलना हा योगायोग असला तरी सलीम अलींच्या जीवनकार्याचे मर्म त्यातून नेमके लक्षात येते. जीव ओळखल्याशिवाय त्याचा निवाडा करू नये, हीच वाट त्यांनी जन्मभर चोखाळली.

पोरके बालपण, एक चिमणी

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. दहा भावंडांत ते धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि अपत्यहीन मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरी या मुलांचा सांभाळ केला. स्वातंत्र्यलढ्यातील नेते अब्बास तय्यबजी हेही त्यांच्या नात्यातलेच.

मामांना शिकारीचा शौक होता. घरात बंदुका होत्या आणि लहानग्या सलीमला छर्ऱ्याची बंदूक मिळाली होती. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास त्या बंदुकीने एक चिमणी पडली. ती नेहमीची घरचिमणी नव्हती, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा पक्षी कोणता, याचे उत्तर घरात कुणापाशीच नव्हते. मामांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठविले. १८८३ साली मुंबईतील काही निसर्गप्रेमींनी स्थापन केलेली ही संस्था तेव्हा बहुतांशी युरोपियनांची होती. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला, एकामागून एक खण उघडून संस्थेचा पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला आणि वाचावयास पुस्तके दिली. हा १९०८ चा सुमार. एका मुलाच्या प्रश्नाला मोठ्या माणसाने गांभीर्याने उत्तर दिले आणि त्यातून भारतीय पक्षीशास्त्राचा पुढचा इतिहास घडला. जवळजवळ आठ दशकांनंतर लिहिलेल्या आत्मचरित्राचे नावही त्यांनी त्या पडलेल्या चिमणीवरूनच ठेवले.

पदवी नाही म्हणून

शाळेत सलीम अली हुशार विद्यार्थी म्हणून गणले गेले नाहीत. डोकेदुखीच्या आजाराने शिक्षणात खंड पडला. हवापालटासाठी काही काळ सिंध प्रांतात राहावे लागले. १९१३ मध्ये कसेबसे मॅट्रिक झाले. पुढे ब्रह्मदेशातील तव्हॉय येथे कुटुंबाचा टंगस्टनच्या खाणींचा आणि लाकडाचा व्यवसाय सांभाळण्यासाठी ते गेले. तिथल्या रानात त्यांचे मन रमले, धंद्यात मात्र रमले नाही. १९१७ मध्ये मुंबईस परतून त्यांनी वाणिज्य शिक्षणाची वाट धरली. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर ब्लॅटर यांनी त्यांचा ओढा ओळखून प्राणिशास्त्राकडे वळविले. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमीना यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातील पक्षीशास्त्रज्ञाची जागा रीतसर पदवी नसल्याने त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात नव्याने सुरू झालेल्या निसर्ग विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून दरमहा ३५० रुपयांवर ते लागले. नोकरी बरी होती, परंतु अर्धवट ज्ञानावर व्याख्याने देण्यात त्यांना समाधान नव्हते. १९२८ मध्ये रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात प्रा. एर्विन श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले. केवळ मेलेले पक्षी मोजण्यापेक्षा जिवंत पक्ष्याच्या वर्तनाकडे पाहण्याची दृष्टी त्यांना येथेच लाभली. १९३० मध्ये ते परतले तेव्हा पैशाअभावी त्यांचे पदच रद्द झालेले होते.

किहीमची सुगरण

चौतिशीतला बेकार माणूस पत्नीसह अलिबागजवळच्या किहीम येथे जाऊन राहिला. घराजवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्याचे दिवस होते. हाती दुसरे काम नसल्याने सलीम अली तासन्‌तास त्या घरट्यांकडे पाहत बसले. सुगरण पक्ष्यात घरटे विणण्याचे काम नर करतो. अर्धे विणून झाले की मादी येऊन त्याची पाहणी करते. तिला पसंत पडले तर ती त्यात राहते आणि नर ते पुरे करतो. मादी अंड्यांवर बसली की नर दुसरे घरटे विणावयास घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. जोडीने संसार थाटणारा पक्षी म्हणून ज्याच्याकडे पाहिले जाई त्याचे हे खरे जीवन या निरीक्षणाने उजेडात आले. सोसायटीच्या नियतकालिकात ते प्रसिद्ध होताच जाणकारांचे लक्ष या नावाकडे वळले.

येथे वटवाघळांची आठवण होणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे सर्वत्र आढळणारे आखूड नाकाचे लहान फळवटवाघूळ असेच वागते. त्याचा नर ताडवर्गीय झाडांची पाने किंवा फळांचे घोस कुरतडून आत पोकळी करतो आणि या तंबूवजा निवाऱ्यात माद्यांचा कळप जमवितो. पुण्यात भेरली माडाच्या घोसांत असे निवारे अभ्यासकांनी पाहिले आहेत. परंतु ही माहिती जमा व्हावयास विसाव्या शतकाचा शेवट उजाडला. सुगरणीसाठी एका माणसाने एक पावसाळा दिला. वटवाघळासाठी रात्र जागणारे फार उशिरा आले.

निजामाच्या राज्यात

नोकरी नसलेल्या सलीम अलींनी यानंतर एक वेगळाच मार्ग काढला. संस्थानांनी फक्त प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च करावा, आपण पक्ष्यांची पाहणी विनावेतन करून देऊ, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. पहिला प्रतिसाद हैदराबाद संस्थानाकडून आला आणि १९३१ मध्ये काम सुरू झाले. नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद हे जिल्हे, म्हणजे आजचा मराठवाडा, त्या वेळी या संस्थानाचा भाग होता. अर्धापूरही निजामाच्याच अमलाखाली होते. गोळा केलेल्या नमुन्यांवर इंग्रज पक्षीतज्ज्ञ ह्यू व्हिसलर यांच्या साहाय्याने त्यांनी विस्तृत अहवाल सिद्ध केला. पुढे कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी संस्थाने पाहून झाली. बैलगाडी, तंबू, मिणमिणता कंदील असा तो संसार होता. तेहमीना अनेक मोहिमांत सोबत असत, नोंदी ठेवण्यात आणि छावणी सांभाळण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

१९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमीना यांचे निधन झाले. हा आघात सलीम अलींना फार लागला. त्यानंतर ते बहीण कम्मू आणि मेहुणे यांच्या घरी राहिले. दुःखातून सावरण्याचा एकच मार्ग त्यांना ठाऊक होता, तो म्हणजे काम. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक आले. सामान्य वाचकाला पक्षी ओळखता यावा, हा त्यामागचा हेतू होता. सोपी मांडणी आणि रंगीत चित्रे यांमुळे ते घरोघरी पोहोचले, आणि पिढ्यान्‌पिढ्या पक्षीनिरीक्षकांनी त्यावरूनच पहिले धडे घेतले.

खणात पडून राहिलेले वटवाघूळ

स्वातंत्र्यानंतर युरोपियन सभासद मायदेशी परतले आणि सोसायटीपुढे अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला. सलीम अलींनी पंतप्रधान पंडित नेहरू यांना पत्र लिहून आर्थिक साहाय्य मिळविले आणि संस्था तगविली. या कामाचे मोल केवळ पक्ष्यांपुरते नव्हते. सोसायटीच्या खणांत पक्ष्यांबरोबर सस्तन प्राण्यांचाही मोठा ठेवा होता. १९११ मध्ये तिने देशभरातील सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली होती. त्या काळातच बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत एक अनोखे, मोठ्या कानांचे वटवाघूळ हाती लागले. १९१३ मध्ये त्याला पाहणीचे आधारस्तंभ असलेले वनाधिकारी रॉटन यांचे नाव देण्यात आले. दीर्घकाळ ते जगात फक्त याच मराठीभाषक सीमाभागातून ज्ञात होते, पुढे मेघालय आणि कंबोडियातही त्याची नोंद झाली.

असाच आणखी एक ठेवा त्या खणांत होता. १९४८ मध्ये अँगस हटन या निसर्ग अभ्यासकाने तमिळनाडूतील मेघमलाईच्या डोंगरात, कॉफीच्या मळ्यांच्या परिसरात, एक वटवाघूळ पकडून सोसायटीकडे धाडले होते. त्यावर आखूड नाकाचे फळवटवाघूळ अशी चिठ्ठी लागली आणि ते खणात जाऊन पडले. जवळजवळ पाव शतक त्याकडे कुणी फिरून पाहिले नाही. मग थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ कित्ती थोंगलोंग्या यांच्या ते दृष्टीस पडले. त्याला वरच्या आणि खालच्या जबड्यात पटाशीच्या दातांची एकेकच जोडी होती, बाहेर दिसणारी शेपटी नव्हती. चिठ्ठीवरच्या जातीशी हे जुळत नव्हते. हे नव्या जातीचेच नव्हे, नव्या प्रजातिगटाचे वटवाघूळ असल्याचे त्यांनी १९७२ मध्ये सोसायटीच्याच नियतकालिकातून जाहीर केले आणि सलीम अलींच्या सन्मानार्थ त्याचे नाव ठेवले. लहानपणी न ओळखता आलेल्या चिमणीपासून ज्यांचा प्रवास सुरू झाला, त्यांच्या नावाला चुकीच्या चिठ्ठीतून सुटलेला जीव मिळाला.

या एका नमुन्यापलीकडे त्या वटवाघळाचा ठावठिकाणा अनेक वर्षे लागला नाही. १९९३ मध्ये अभ्यासकांना ते पुन्हा आढळले. ते गुहांत राहते, रानातल्या उंबर-वडासारख्या झाडांची फळे खाते. त्याचा अधिवास दक्षिण सह्याद्रीच्या थोड्या पट्ट्यापुरता आहे आणि आंतरराष्ट्रीय यादीत ते संकटग्रस्त गणले जाते.

ग्रंथ, मोटारसायकल आणि मतभेद

त्या वर्षी सलीम अली पंचाहत्तरी ओलांडलेले होते आणि आयुष्यातील सर्वात मोठ्या कामात गढलेले होते. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ एस. डिलन रिप्ली यांच्यासमवेत भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान त्यांना लाभले. पॉल गेटी पारितोषिकाच्या पन्नास हजार डॉलरच्या रकमेतून त्यांनी निसर्ग संरक्षणासाठी निधी उभारला. १९८५ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. बारीक अंगकाठीच्या या माणसाला मोटारसायकलींचा मोठा नाद होता. १९५० मध्ये स्वीडनमधील पक्षीशास्त्र परिषदेसाठी त्यांनी आपली सनबीम बोटीने युरोपात नेली होती.

त्यांचे सारे निर्णय अचूक ठरले असे म्हणता येणार नाही. अभ्यासासाठी त्यांनी असंख्य पक्षी बंदुकीने टिपले, आजच्या पिढीला ते खटकते. ओळख पटविण्यासाठी नमुना हाती असणे त्या काळी अटळ मानले जाई आणि त्याच संग्रहांतून पुढची शास्त्रीय कामे झाली, हेही तितकेच खरे. १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीने स्थलांतरित पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे काम हाती घेतले. कर्नाटकातील क्यासनूर जंगलातल्या तापाचा विषाणू पक्ष्यांबरोबर प्रवास करतो काय, हा त्यामागील प्रश्न होता. त्यात परकीय लष्करी हेतू असल्याचा संशय वृत्तपत्रांतून घेतला गेला आणि सलीम अलींना त्याला तोंड द्यावे लागले. भरतपूरच्या पाणथळीत गुराढोरांना बंदी घालावी, असा त्यांचा आग्रह होता. १९८२ मध्ये बंदी आली तेव्हा संघर्ष पेटून काही ग्रामस्थांचा बळी गेला. म्हशींअभावी गवत माजले आणि पाणपक्ष्यांची जागा आक्रसली, असे पुढे सोसायटीच्याच अभ्यासातून दिसून आले. रान आणि माणूस यांचे नाते दुरून दिसते त्याहून गुंतागुंतीचे असते, हा धडा त्यांच्या वारसदारांना असा महागात मिळाला. याउलट केरळातील सायलेंट व्हॅलीत धरण होऊ नये, यासाठी त्यांनी उचललेला आवाज सार्थकी लागला. १९८४ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली.

कर्करोगाशी दीर्घकाळ झुंज देऊन १९८७ साली, वयाच्या ९१ व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

केळीच्या मुलखात

आता त्यांच्या नावाचा मान वटवाघळाला का शोभतो, हे अर्धापूरसारख्या ठिकाणी उभे राहिल्यावर कळते. हा केळीचा मुलूख आहे. फळबागायतदाराला वटवाघूळ शत्रू वाटते, घरातल्या वडीलधाऱ्यांना ते अशुभ वाटते, आणि केरळातील निपाहच्या व नंतर करोनाच्या साथीपासून शहरी माणसालाही त्याची धास्ती वाटू लागली आहे. वस्तुस्थिती मात्र थोडी वेगळी आहे. बाजारासाठी केळीचे घड हिरवेच उतरविले जातात आणि फळवटवाघळांना पिकलेले फळ लागते. त्यामुळे वेळेवर उतरलेल्या घडाला त्यांच्यापासून फारसे भय नसते. झाडावर पिकणाऱ्या चिकू, पेरू, द्राक्षांचे नुकसान ती करतात, हे नाकारता येत नाही. तिथे जाळी लावणे हाच उपाय आहे.

गावातील जुन्या वड, पिंपळ, चिंचेच्या झाडांवर दिवसा उलटी लटकलेली मोठी वटवाघळे आपल्याकडील सर्वांत थोर. वजन दीड किलोपर्यंत, पंखांचा पसारा सव्वा मीटर वा त्याहून अधिक. ही जात आवाजाच्या प्रतिध्वनीवर चालत नाही, मोठे डोळे आणि तीक्ष्ण नाक हीच तिची साधने आहेत. प्रतिध्वनीवर वाट काढणारी लहान वटवाघळे वेगळी. ती किडे खातात आणि पिकांवरील कीटकांचा फडशा पाडतात. दौलताबाद किल्ल्याच्या अंधारी वाटेत शिरणाऱ्या पर्यटकांना डोक्यावरच्या फडफडाटाने वटवाघळे भेटतात. मोठ्या वटवाघळांची मादी वर्षाला एकच पिलू घालते आणि पहिले काही आठवडे ते छातीशी घेऊनच उडते. त्यामुळे एखादे झाड तुटले किंवा कडक उन्हाच्या लाटेत वसाहत कोसळली, तर ती भरून निघावयास वर्षे लागतात. खाल्लेल्या फळांतले बारीक बी मैलोन्‌मैल दूर पडते, वड-उंबर रुजतात. मोहाच्या फुलांचे परागीभवन रात्री त्यांच्या तोंडाने होते. आजाराबाबत सावधगिरी हवीच. कुरतडलेले फळ खाऊ नये, मेलेल्या किंवा जखमी वटवाघळाला हात लावू नये. परंतु वसाहती जाळल्याने, हुसकावल्याने आजार टळत नाही. भेदरलेले प्राणी अधिक पांगतात. विषाणूचा माग काढण्यासाठी पक्ष्यांच्या पायात कडी अडकविणाऱ्या सलीम अलींनी हाच मार्ग धरला होता: आधी पाहा, मोजा, नोंद करा.

कायद्यानेही अखेर आपली चूक सुधारली. सलीम अलींच्या नावाचे वटवाघूळ आणि बारापेडेचे वटवाघूळ यांना पुढे पहिल्या अनुसूचीचे संरक्षण लाभले. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची स्वतंत्र अनुसूचीच काढून टाकण्यात आली आणि एप्रिल २०२३ पासून हा बदल अमलात आला. नामकरणानंतर यास पन्नास वर्षे लागली.

कायद्याच्या कागदापेक्षा गावाच्या वेशीवरचे झाड अधिक महत्त्वाचे असते. रस्ता रुंद करताना शंभर वर्षांचा वड पडला, तर त्यावरची वसाहत कुठे गेली, हे कुणी विचारीत नाही. वटवाघळांची गणना करावयास महागडी दुर्बीण लागत नाही; सूर्यास्ताच्या वेळी झाडाखाली थांबून, उडणारे थवे मोजून, तारीख घालून वहीत लिहिले तरी पुरेसे असते. वर्षानुवर्षे चाललेल्या अशा नोंदींतूनच कुठली वसाहत वाढली आणि कुठली संपली, हे कळते. पदवी नसलेल्या, नोकरी गमावलेल्या एका माणसाने किहीमच्या झाडाखाली बसून जे साधले ते याच पद्धतीने. मराठवाड्यातील शाळा-महाविद्यालयांच्या मुलांना ते अशक्य नाही.